हिर्शस्प्रंगच्या बाळात आतड्याच्या शेवटालाच चेतापेशी का नसतात?

तुमच्या बाळाला हिर्शस्प्रंग आहे, म्हणजे आतड्याच्या शेवटाला चेतापेशी नसल्याने शी पुढे न सरकणारा जन्मजात आजार. तुमचे दोन प्रश्न आहेत: बाळाच्या मोठ्या आतड्याच्या शेवटालाच चेतापेशी का नाहीत, आणि सासूबाई म्हणतात तसं ग्रहणात भाजी चिरल्याने हे झालं का? दुसऱ्याचं उत्तर आधी देते. नाही, काडीचाही संबंध नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अशा बाळाचं ऑपरेशन चालू असताना सर्जन आतड्याचा इवलासा तुकडा पाठवतात. तो गोठवून, पातळ काप काढून मी स्नायूंच्या दोन थरांच्या मधे बघते. निरोगी आतड्यात तिथे टपोऱ्या केंद्रकाच्या मोठ्या चेतापेशींचे पुंजके असतात. या बाळांत नुसते जाड झालेले चेतातंतू दिसतात. मग आणखी वरचा तुकडा मागवायचा, पेशी दिसेपर्यंत.

या पेशी मुळात आतड्यात तयारच होत नाहीत. गर्भाच्या पाठीकडे, मानेच्या पातळीला असलेल्या न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशींच्या पट्ट्यातून त्या निघतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास आतड्यात वरून शिरतात आणि सातव्यापर्यंत शेवट गाठतात. वाटेत त्यांना संख्याही वाढवावी लागते, कारण आतडंही लांबत असतं. पेशी कमी पडल्या तर त्यांच्याविना राहतं ते शेवटचं टोकच.

त्यांना पुढे नेतात जनुकं. आतड्याची भिंत जीडीएनएफ हे प्रथिन सोडते, पेशींवरचं रेट हे प्रथिन ते ओळखतं आणि पेशी तगतात, वाढतात, सरकतात. एन्डोथेलिन-३ हे आणखी एक प्रथिन त्यांना वेळेआधी पक्व होऊ देत नाही. पक्व झाल्या की त्या वाढायच्या थांबतात. मुंबईच्या शहा आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली केसांची पांढरी बट आणि हा आजार एकत्र असलेल्या बाळांचं वर्णन केलं. त्वचेच्या रंगपेशीही न्यूरल क्रेस्टमधूनच येतात ना! म्हणून घरात कुणाला जन्मतः पांढरी बट किंवा बहिरेपण असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

हा आजार साधारण ५००० बाळांत एकाला होतो. बहुतेकदा आईवडील ठणठणीत असतात. रेटच्या जनुकातले बारीक बदल आपल्यापैकी कितीतरी ठणठणीत जणांतही असतात. पुढच्या बाळाआधी जनुकीय सल्ला घ्या.

आणि एक. ऑपरेशननंतरही पोट फुगलं, ताप आला, घाण वासाचे जुलाब झाले, तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटलात न्या.