वाचकांचे प्रश्न : मोठ्या शिशुतला एक आठवडा

प्रश्न : माझी मुलगी पाचव्या वर्षात असून मोठ्या शिशुत आहे. तिच्या बाई दर शुक्रवारी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पुढच्या आठवड्याचे नियोजन पाठवतात. गेल्या आठवड्याचा विषय ‘मूग’ होता. मूग भिजवणे, मोड पाहणे, मातीकाम, दोन बडबडगीते आणि ‘म’ हे अक्षर एवढेच त्यात होते आणि वहीचे जेमतेम एक पान भरले. दुसऱ्या शाळेत जाणारा शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा शंभरपर्यंत अंक लिहितो आणि इंग्रजी अक्षरेही गिरवतो. आमची मुलगी मागे पडते आहे का? – एक आई, राजारामपुरी

उत्तर : नाही. आपण कळवलेला आठवडा नीट उलगडून पाहिला, तर तो रिकामा तर नाहीच, उलट चांगला भरलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सोमवारी कोरडे मूग ताटात ओतले जातात तेव्हा मुले ते निवडतात, खडे बाजूला काढतात आणि एकेक दाणा वाटीत टाकत मोजतात. दाणा उचलण्यासाठी अंगठा आणि तर्जनीची जी चिमट लागते, तीच पुढे पेन्सिल धरताना लागते. मंगळवारी फुगलेला मूग कोरड्या मुगाशेजारी ठेवला की कोणता मोठा, कोणता मऊ, कोणाची साल सुटली, हे मुले आपापल्या शब्दांत सांगू लागतात. बुधवारी फडक्याची पुरचुंडी सोडण्याआधी बाईंनी “आत काय झालं असेल?” असे विचारले आणि मुलांनी अंदाज बांधले, तर तो विज्ञानाचा पहिला धडा होय. या वयात ‘काल’ आणि ‘उद्या’ यांची अदलाबदल सर्रास होते. काल भिजवले, आज मोड आले, उद्या ते मातीत पेरायचे, हा क्रम स्वतःच्या हाताने अनुभवलेल्या मुलाला काळाचे शब्द वेगळे शिकवावे लागत नाहीत.

अक्षराचेही तसेच आहे. मूग, मोड, माती, मीठ या शब्दांच्या सुरुवातीला एकच आवाज आहे, हे कानाला कळणे ही वाचनाची खरी पायरी आहे. त्यानंतर तो आवाज दाखवणारी आकृती रेतीत बोटाने काढायची, मातीच्या वळीने घडवायची आणि मग पाटीवर किंवा वहीवर उतरवायची. आपल्याला दिसलेले ते एक पान या साऱ्या कामाचे शेवटचे टोक आहे. मनगटातली सगळी लहान हाडे या वयात पुरती तयार झालेली नसतात, त्यामुळे पानेच्या पाने गिरवून घेतली की बोटे दुखतात आणि पेन्सिल मुठीत आवळून धरण्याची सवय लागते, जी पुढे मोडणे फार कठीण जाते. माती मळणारे, कागद फाडून चिकटवणारे, मणी ओवणारे हात लेखनाचीच तयारी करत असतात.

शेजारच्या मुलाशी तुलना करू नये, असे सांगून मी आपली काळजी झटकून टाकणार नाही. दोन्ही मुलांपुढे मुगाची वाटी ठेवून “मला सात दाणे दे” एवढेच म्हणून पाहा. अंकांची नावे ओळीने म्हणता येणे आणि सात म्हणजे किती हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी आली नसेल, तर पाठ केलेले शंभर अंक बेरजेच्या वेळी उपयोगी पडत नाहीत. त्यातून मराठी अंकांत एकोणतीस, एकोणचाळीस यांसारखी वळणे आहेत. ती सावकाश, वापरातून आलेली बरी.

सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि पहिलीच्या प्रवेशाचे वय सहा वर्षे ठरवले. या टप्प्यासाठी २०२२ साली आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना नेमलेले पाठ्यपुस्तक नसावे, असेच सुचवले आहे. तेव्हा आपल्या शाळेचे नियोजन लहरीपणाचे नाही.

बाईंना विचारावे असे मात्र एक आहे. मूग कोणी भिजवले, मुलांनी की बाईंनी? बाई करतात आणि मुले हाताची घडी घालून पाहतात, असे चित्र असेल, तर उत्तम नियोजनही कागदावरच राहते.

प्रश्न : नातवाला शाळेतून आणताना “आज काय शिकलास?” असे विचारले की तो रोज “काही नाही” म्हणतो. खरेच काही शिकवत नसतील का? – एक आजोबा, मंगळवार पेठ

उत्तर : आजोबा, त्याच्या दृष्टीने तो शिकत नसतो, खेळत असतो. आठवड्याचे नियोजन पाहून नेमके विचारा : “तुझ्या करवंटीतला मोड आज केवढा झाला? शेजारी कोणाची करवंटी होती?” तो बोलू लागला की मध्येच चूक दुरुस्त करू नका. आणि थकून आला असेल, तर आधी खाऊ द्या, प्रश्न संध्याकाळी विचारा.

प्रश्न : मी बालवाडीत शिकवते. एका खोलीत तीस मुले आहेत आणि साहित्यासाठी पैसे नाहीत. आठवड्याचे नियोजन कसे करावे? – एक शिक्षिका, करवीर तालुका

उत्तर : ताई, पैशांची अडचण खरी आहे आणि ती मी कमी लेखत नाही, परंतु तिच्यामुळे आठवडा अडू नये. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडला सहकारी अनुताई वाघ यांच्यासह बालवाड्यांचे जे काम उभे केले, त्यात पाने, बिया, शिंपले, गोटे हेच साहित्य होते. आपल्या कोल्हापुरातही शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलाचा अनुभव हाच शिक्षणाचा पाया मानला.

आठवड्याला एकच विषय घ्या आणि तो मुलांच्या अंगणातला घ्या. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, सुमारास घरोघरी मातीचे बैल येतात, तेव्हा ‘बैल’ हा विषय आपोआप रंगतो : बैलाचे चार पाय, दोन शिंगे मोजणे, ‘ब’चा आवाज, शिवारात कोणी काय पाहिले याच्या गप्पा आणि शेवटी प्रत्येकाचा स्वतःच्या हाताचा बैल. कुंभाराकडे मळलेली माती मागितली तर सहसा नाही म्हणत नाहीत. तीस मुलांना एकाच वेळी माती देऊ नका. दहा मुले तुमच्याजवळ मातीकामाला, दहा बिया वर्गवार लावायला आणि दहा चित्राला बसवा आणि गट फिरवत राहा. पहिले आठ-पंधरा दिवस गोंधळ होईल, तो सोसा. रोजचा क्रम मात्र बदलू नका. गोलात बसून गप्पा, मग गटातले काम, मैदान, खाऊ आणि शेवटी गोष्ट, असा ठरलेला दिवस असला की पुढे काय आहे हे मुलांना ठाऊक असते आणि रडणारी नवी मुलेही लवकर रुळतात. गोष्ट आठवडाभर तीच सांगा. गुरुवारपर्यंत मुलेच पुढचे वाक्य म्हणू लागतील. शुक्रवारी त्यांना ती सांगू द्या आणि कोण किती बोलले याची दोन-दोन ओळींची नोंद ठेवा. पुढच्या आठवड्यात कोणाला जवळ बसवायचे, हे त्या नोंदीवरून ठरवता येईल.