बालवाडीत पाच वर्षं होत आली, बी.ए. झालंय. आता कोणता कोर्स करू आणि अंगणवाडीच्या जागेसाठी ही नोकरी सोडू का?

तुमचा प्रश्न वाचला. वय एकोणतीस, बी.ए., सांगलीत विश्रामबागला खाजगी बालवाडीत छोटा गट घेता. पाच वर्षं पूर्ण व्हायला चारेक महिने बाकी आहेत आणि पगार सुरुवातीला होता तिथून फारसा हललेला नाही. घरचे म्हणतात, ‘नुसती पोरं सांभाळायचं काम’. तासगाव तालुक्यात सासरच्या गावी अंगणवाडी सेविकेची जागा निघणार असं कानावर आलंय. माझी सुरुवात बालवाडीची ताई म्हणूनच झाली, पुढे सांगली जिल्ह्यातच मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, म्हणून निवृत्त झाले, आणि आता बालवाडीच्या शिक्षिकांची प्रशिक्षणं घेते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट: राजीनामा आत्ता देऊ नका. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेचा, कायदा शिक्षकांनाही लागू आहे. २००९ मध्ये त्यात तशी दुरुस्ती झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती कायम केली. संस्थेत दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि तुमची सलग पाच वर्षं भरली असतील, तर दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशोबाने ती रक्कम तुमची होते. स्वयंपाकाच्या मावशी, गाडीवरचे काका, ऑफिसमधल्या मॅडम, सगळे धरून दहा मोजायचे. चार महिन्यांसाठी हा हक्क सोडू नका. नेमणूकपत्र, पगार बँकेत जमा झाल्याच्या नोंदी, हजेरी असं जे काही असेल ते आजच एका फाइलमध्ये लावा. नेमणूकपत्र मिळालंच नसेल तर संचालिकांकडे निदान अनुभवाचा दाखला मागा. त्यावर रुजू झाल्याची तारीख आणि कोणता गट घेता हे स्पष्ट लिहून घ्या. ‘सदर शिक्षिका आमच्याकडे कार्यरत आहेत’ एवढ्या ओळीचा पुढे कुठेच उपयोग होत नाही.

आता कोर्सकडे वळते, पण त्याआधी एक वही. हे उत्तर लिहायला घेतलं ते मुळात या वहीसाठीच.

आपल्या कामाची मोठी अडचण ही आहे की ते बाहेरून दिसत नाही. दहावीच्या शिक्षकाकडे निकाल असतो. तुमच्याकडे जूनमध्ये आईचा पदर न सोडणारं मूल असतं आणि मार्चमध्ये तेच मूल दुसऱ्या रडणाऱ्या मुलाला हात धरून आत आणतं. यामागे तुम्ही काय केलं हे कुणी लिहून ठेवत नाही, तुम्हीही नाही. मग पगारवाढ मागायला गेलं की बोलायला हाताशी काही नसतं, आणि नव्या शाळेत मुलाखतीला गेलं की ‘मला मुलं खूप आवडतात’ याच्यापुढे गाडी जात नाही.

म्हणून शंभर पानी वही घ्या. रोज सगळ्या मुलांचं लिहायचं नाही, ते जमत नाही आणि दोन आठवड्यांत वही बंद पडते. दिवसाला दोन मुलं, प्रत्येकाच्या चार ओळी. मात्र जे दिसलं तेच लिहायचं. ‘हुशार आहे’, ‘खोडकर आहे’, ‘लक्ष नसतं’ ही आपली मतं झाली. नोंद अशी असते: ‘आज मणी ओवायला बसला. लाल, पिवळा, लाल, पिवळा असा क्रम स्वतःहून लावला. पाचव्या जागी पुन्हा पिवळाच घेतला, थांबला, काढला, लाल शोधला. शेजारच्या मुलीने मणी मागितला तेव्हा दिला नाही, डबी मागे सरकवली.’ या चार ओळींत गणिताची पूर्वतयारी आहे, बोटांचं काम आहे, स्वतःची चूक स्वतः पकडणं आहे आणि वाटून घेणं अजून जमत नाही हेही आहे. पंधरा दिवसांनी त्याच मुलाची पुढची नोंद वाचाल तेव्हा फरक तुमच्याच अक्षरात समोर येईल.

माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या गटात, जत तालुक्यात एका सेविकाबाईंनी अशी वही ठेवली होती. तिकडे सीमेच्या गावांत घरात कन्नड, अंगणवाडीत मराठी. एक मुलगी कित्येक आठवडे तोंड उघडत नव्हती, घरच्यांनी ‘मुकीच आहे’ असं धरूनही चाललं होतं. बाईंच्या वहीत मात्र वेगळंच चित्र होतं. चिंचोके मोजताना ओठ हलतात. बाहुलीला झोपवताना कन्नडमधून पुटपुटते. ‘पाणी कुठंय’ विचारलं की बरोबर माठाकडे बघते. म्हणजे ऐकू येतंय, समजतंय, बोलणंही आहे, फक्त भाषा घरची आहे. बाईंनी मुलीच्या आजीला दुपारी बोलावून कन्नड गाणी म्हणायला लावली आणि मुलगी आजीबरोबर बोलायला लागली. वर्षभरात दोन्ही भाषांत भांडायला लागली. मासिक बैठकीत त्या सेविकेने वहीतली ती पानं वाचून दाखवली तेव्हा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांनी तिलाच बाकीच्या बीटना प्रशिक्षण द्यायला उभं केलं. त्या वेळी तिच्याकडे बारावीशिवाय दुसरं कुठलंही प्रमाणपत्र नव्हतं.

तुमच्या छोट्या गटातल्या पालकसभेतही हेच उपयोगी पडतं. ‘अजून लिहीत कसा नाही?’ हा प्रश्न तुम्हाला दर सभेला येत असणार. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबायची नाही, हे आपल्याला माहीत असतं पण पटवता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा सलग पायाभूत स्तर मानला आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्या स्तराचा राष्ट्रीय आराखडा आला. खेळ, गोष्टी, घरची भाषा आणि हाताने करून बघणं हे त्याच्या केंद्रस्थानी आहे. मेंदूची पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, हेही त्याच धोरणात लिहिलंय. आराखडा इंटरनेटवर मोफत मिळतो. मोठा आहे, रोज थोडा वाचा. पालकांसमोर एका हातात आराखड्यातला मुद्दा आणि दुसऱ्या हातात त्यांच्याच मुलाचं वहीचं पान असेल तर आवाज चढवावा लागत नाही. आणि संचालिकांसमोर पगाराचं बोलणं काढायचं तर ते अशा एखाद्या पालकसभेनंतर काढा.

आता कोर्स. तुम्ही ज्या ‘नर्सरी टीचर’ कोर्सची जाहिरात पाठवलीत, तिथे पैसे भरण्याआधी एकच विचारा: प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचं किंवा शासकीय मंडळाचं नाव असेल? उत्तर गोलमोल आलं तर उठून या. आपल्याकडे सांगली-मिरजेपासून कराड-साताऱ्यापर्यंत तीन महिन्यांत ‘टीचर’ करणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. काहींमध्ये हस्तकला चांगली शिकवतात, पण तो कागद दुसऱ्या शाळेत चालेल याची खात्री नसते. मॉन्टेसरी हे नावसुद्धा कुणीही लावू शकतं, त्यामुळे नुसत्या पाटीवर जाऊ नका. प्रशिक्षण कोणत्या संस्थेचं, साधनांवर प्रत्यक्ष किती तास काम आणि मुलांसोबत सराव आहे की नाही, हे बघा.

नोकरी करत करायचं तर मी इग्नू या मुक्त विद्यापीठाचा बालसंगोपन व शिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम सांगेन. बारावी लागते, किमान एक वर्षाचा आहे, प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात. बालविकास, आरोग्य आणि पोषण, विशेष गरजा असलेली मुलं आणि प्रत्यक्ष काम असा अभ्यास आहे. वाचायला इंग्रजी किंवा हिंदीतून लागतं, पण तुम्हाला बी.ए. करून ते जड जाऊ नये. प्रत्यक्ष कामासाठी तुमची वही आयतीच तयार असेल. दीक्षा या सरकारी ॲपवर पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे मोफत कोर्सेस आहेत. ते जरूर करा, पण त्याला पदविकेच्या जागी धरू नका.

पहिली-दुसरीपर्यंत जायची इच्छा असेल तर मार्ग वेगळा: दोन वर्षांचं डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.), मग टीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर आणि त्यानंतर भरतीच्या परीक्षा. पूर्णवेळ कॉलेज असल्याने नोकरी सुटेल, आणि शिक्षक भरती किती वर्षांनी निघते हे आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही डी.एड. झालेल्या मुलीला विचारा. घरात दुसरा पगार आहे का, हे बघूनच ठरवा.

अंगणवाडीच्या जागेबद्दल. सध्याच्या नियमांप्रमाणे किमान बारावी, वय १८ ते ३५ आणि तिथलं स्थानिक रहिवासी असणं लागतं. जाहिरात बालविकास प्रकल्प कार्यालयाकडून निघते. तुमचं नाव सासरच्या रेशन कार्डावर आणि मतदार यादीत आहे का, ते आत्ताच बघून घ्या. ऐन वेळी तिथेच अडतं. सेविकेला मिळतं ते मानधन, वेतनश्रेणी नाही, आणि सेविका सरकारी कर्मचारी धरली जात नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ च्या निकालात सेविका आणि मदतनीस दोघींनाही मान्य केला. कामात मुलांना शिकवण्यासोबत वजनं, गृहभेटी, गरोदर मातांच्या नोंदी, टीएचआरचं (घरी न्यायच्या आहाराचं) वाटप, पोषण ट्रॅकर ॲपवर रोजची माहिती, शिवाय अधूनमधून सर्वेक्षणं हे सगळं येतं. ज्यांना फक्त वर्ग घ्यायला आवडतो त्या तिथे दमतात. ज्यांना घराघरांत जाऊन माणसं जोडायला आवडतं त्या फुलतात. तुम्ही या दोन्हींपैकी कोणत्या, हे तुम्हालाच माहीत.

वरची पायरी या मार्गावर नक्की आहे. केंद्राच्या सूचनांनुसार पर्यवेक्षिकांच्या रिक्त जागांपैकी निम्म्या पाच वर्षांचा अनुभव असलेल्या सेविकांमधून भरायच्या असतात, बाकीच्या अटी पूर्ण होत असतील तर. पदवी तुमच्याकडे आहेच. बी.ए.चा विषय समाजशास्त्र असेल तर उत्तम. पर्यवेक्षिकेच्या भरतीत समाजशास्त्र, गृहविज्ञान, बालविकास, पोषण, समाजकार्य या विषयांकडे आधी बघतात. विषय वेगळा असेल तर पुढचं शिक्षण यांतलं घ्या. प्रकल्प अधिकारीपदासाठी एमपीएससी द्यावी लागते. मे २०२३ पासून ‘पोषण भी पढाई भी’ या कार्यक्रमात सेविकांना पूर्वप्राथमिक शिक्षणाचं प्रशिक्षण देतात. बालवाडीत पाच वर्षं काढलेली सेविका अशा प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून उठून दिसते, हे मी पाहिलंय.

आणखी एक वाट आहे जिच्याकडे फार थोड्या जणी वळतात, आणि मला तिची कळकळ आहे. बोलायला उशीर, नजरेला नजर न देणं, एका हाताचा वापर टाळणं, अशी मुलं तुमच्याही गटात असणार. हे लवकर ओळखणारी शिक्षिका आपल्या भागात दुर्मिळ आहे. आई-बाप ‘होईल हळूहळू’ म्हणत दोन-तीन वर्षं घालवतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत तपासणीला येतात आणि पुढे उपचारांसाठी पाठवतात, पण खाजगी बालवाडीतल्या मुलाकडे कुणी बघत नाही, तिथे फक्त तुम्ही असता. या दिशेने जायचं ठरवलं तर विशेष शिक्षणाची पदविका घ्या, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता बघूनच. शाळांना, दवाखान्यांना, संस्थांना अशा व्यक्ती हव्या असतात, आणि मुलांपासून लांब न जाता पुढे जाता येतं. आपल्या क्षेत्रात बढती म्हणजे बहुतेक वेळा खुर्ची आणि कागद. मुख्यसेविका झाल्यावर मलाही मुलं भेटीपुरतीच भेटायची.

घरच्यांच्या बोलण्याबद्दल एवढंच सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन शिकवलं. अंगणवाडी ही कल्पनाच त्यांच्या कामातून आली. पुढे १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आजच्या अंगणवाड्या तिच्यातल्याच. ज्या कामासाठी ताराबाईंना पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली, तेच काम तुम्ही विश्रामबागच्या एका खोलीत करताय. घरच्यांना हे सांगून पटेल असं नाही. त्यांना एकदा वर्गात आणून बसवा, अर्धा तास वीस मुलं सांभाळायला द्या.

तर माझ्या मते क्रम असा: ग्रॅच्युइटीची तारीख उलटेपर्यंत आहात तिथेच राहा. वही उद्यापासून. इग्नूचा प्रवेश येत्या सत्राला. अंगणवाडीची जाहिरात या काळात निघाली तर अर्ज जरूर भरा, अर्ज भरला म्हणून नोकरी सोडावी लागत नाही. नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर दोन्हीकडचे आकडे आणि जाण्या-येण्याचा खर्च समोर ठेवून ठरवा. तुमच्या बी.ए.चा विषय आणि संस्थेत एकूण किती माणसं कामाला आहेत हे खाली लिहिलंत, तर पर्यवेक्षिकेच्या भरतीचं आणि ग्रॅच्युइटीच्या अर्जाचं नेमकं सांगता येईल.