मतदारांनी घातलेली मर्यादा मतदारांनीच उठवावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘कॅलिफोर्नियात घरांची एवढी टंचाई आहे, भाडी परवडत नाहीत. मग शहरातल्या लोकांनी मतदान करून घातलेले बांधकामाचे निर्बंध राज्य सरकारने बाजूला सारले, तर त्याला विरोध कशासाठी?’

मी सॅन डिएगोत राहतो. घरं हवीत, पुष्कळ हवीत, हे मला मान्य आहे, आणि तरीही राज्याच्या या ढवळाढवळीला माझा ठाम विरोध आहे. का, ते आमच्याच शहराच्या उदाहरणावरून सांगतो.

१९७२ सालची गोष्ट. ला होया आणि पॅसिफिक बीचच्या किनाऱ्यावर उंच टॉवर उभे राहू लागले होते. आज यांना परवानगी दिली तर उद्या मायामी किंवा वैकिकीसारखी सगळ्या किनाऱ्यावर भिंत उभी राहील, ही भीती लोकांना वाटत होती. नगर परिषद ठोस काही करेना, तेव्हा रहिवाशांनी सह्या गोळा करून प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर आणला. इंटरस्टेट ५ या महामार्गाच्या पश्चिमेला, डाउनटाउनसारखे काही भाग वगळून, कुठलीही नवी इमारत ३० फुटांपेक्षा उंच नसावी, असा तो प्रस्ताव होता. ३० फूट म्हणजे दोन, फार तर तीन मजले. नोव्हेंबर १९७२ मध्ये तो स्पष्ट बहुमताने मंजूर झाला. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर राज्यभरातल्या मतदारांनी किनारा संरक्षणासाठी कोस्टल कमिशन स्थापन करण्याचा प्रस्तावही मंजूर केला. आज ओशन बीचच्या गल्लीतून चालताना समुद्र दिसतो आणि वारा आतपर्यंत येतो, त्यामागे ही दोन मतदानं आहेत.

बिल्डरांची संघटना लगेच कोर्टात गेली. जमीन वापराचे नियम असे थेट मतदानाने करताच येत नाहीत, त्यासाठी आधी नोटीस आणि सुनावणी हवी, असं तिचं म्हणणं होतं. १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं आणि मतदारांचा अधिकार मान्य केला. पुढे १९९५ मध्ये नापा काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) शेतजमिनीच्या खटल्यातही याच न्यायालयाने सांगितलं की शहराचा किंवा काउंटीचा मूळ आराखडासुद्धा मतदार आपल्या प्रस्तावाने बदलू शकतात. म्हणजे चार शेजाऱ्यांनी आडमुठेपणाने रोखून धरलेली ही बाब नाही. हा कायदा आहे, आणि तो लोकांनी रीतसर केलेला आहे.

‘१९७२ च्या मतदारांनी २०२५ च्या तरुणांचे हात का बांधावेत?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण इथले हात कायमचे बांधलेले नाहीतच. मतदारांचा निर्णय मतदार बदलू शकतात आणि सॅन डिएगोने तो बदललाही आहे. १९९८ मध्ये सीवर्ल्ड या मनोरंजन पार्कसाठी लोकांनी अपवाद मंजूर केला. २०२० मध्ये जुन्या स्पोर्ट्स अरीनाच्या मिडवे भागातून ही मर्यादा उठवायची का, असं विचारलं गेलं, तेव्हा सुमारे ५७ टक्के लोकांनी होकार दिला. पर्यावरण अहवाल अपुरा होता म्हणून न्यायालयाने ते मतदान रद्द ठरवलं, तर २०२२ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि थोड्या फरकाने का होईना, पुन्हा होकारच आला. २०२५ मध्ये अपील न्यायालयाने त्याही वेळचा पर्यावरण अभ्यास अपुरा ठरवला. हा दोष शहर प्रशासनाच्या कागदपत्रांचा होता, मतदारांचा नव्हे. मिडवेत महापालिकेच्या जमिनीवर ४,२५० घरांची योजना आहे आणि त्यातली २,००० परवडणारी असणार आहेत. एवढी ठोस गोष्ट समोर ठेवली, नीट समजावून सांगितली, तर लोक हो म्हणतात. दोनदा म्हणाले आहेत.

म्हणूनच मला ‘एसबी १०’ हा २०२१ चा राज्य कायदा सगळ्यात जास्त खुपतो. वाहतुकीची चांगली सोय असलेल्या किंवा शहराच्या आतल्या प्लॉटवर १० घरांपर्यंत परवानगी देण्याची मुभा तो नगर परिषदेला देतो. इथवर माझी तक्रार नाही. पण त्यासाठी मतदारांनी प्रस्तावाद्वारे घातलेला निर्बंधही नगर परिषदेला दोन तृतीयांश मतांनी डावलता येतो. आमच्या नगर परिषदेत ९ सदस्य आहेत. म्हणजे शहरातल्या लाखो लोकांनी एकत्र येऊन घेतलेला निर्णय ६ जण एका संध्याकाळी बाजूला ठेवू शकतात. हे कलम न्यायालयात टिकलंही, २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ते वैध ठरवलं. वैध असेल, पण योग्य आहे असं मला वाटत नाही. २०२३ मध्ये सॅन डिएगोत हा कायदा लागू करायचा प्रस्ताव आला, तेव्हा लोक सभांना येऊन तासन्‌तास बोलले आणि शेवटी तो मागे पडला. बोलले नसते तर आला असता.

आता यातली विसंगती बघा. कॅलिफोर्नियाच्या घटनेनुसार राज्यव्यापी मतदानाने झालेला कायदा विधिमंडळाला एरवी परस्पर बदलता येत नाही. त्या प्रस्तावातच तशी मुभा नसेल, तर पुन्हा मतदारांकडे जावं लागतं. तोच मतदार, तेच मतदान केंद्र, तोच कागद. पण प्रश्न शहराचा असला की त्याच मताला राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत बसलेले लोक साध्या कायद्याने ओलांडून जातात. हा फरक मला आजवर कोणी पटेल असा समजावून सांगितलेला नाही.

डेन्सिटी बोनस कायद्याचं उदाहरण तर डोळ्यांसमोरचं आहे. काही घरं स्वस्त द्या, त्या बदल्यात जास्त बांधकाम करा आणि आड येणाऱ्या नियमांतून सूट मिळवा, असा हा राज्याचा कायदा आहे. जादा एफएसआयची आपल्याला सवय असल्यामुळे मराठी वाचकाला तो लगेच कळेल. याच कायद्याच्या आधाराने पॅसिफिक बीचमध्ये टर्कॉइज स्ट्रीटवर सुमारे २४० फुटी, वीसहून अधिक मजल्यांच्या टॉवरचा प्रस्ताव आला. म्हणजे मतदारांनी ठरवलेल्या उंचीच्या आठपट. त्यात परवडणारी घरं किती? जेमतेम १०, आणि मोठा भाग पर्यटकांच्या मुक्कामाच्या खोल्यांचा. टंचाईचं नाव पुढे करून नेमकं काय बांधलं जातं, हे पाहिल्यावर माझा विरोध आणखी घट्ट झाला.

तुमच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा मी टाळणार नाही. मतपेटीचा वापर लोकांना बाहेर ठेवण्यासाठी झालेला आहे. १९५० मध्ये राज्याच्या मतदारांनी घटनेत कलम ३४ घातलं. सरकारी मदतीने गरिबांसाठी भाड्याची घरं बांधायची तर आधी स्थानिक मतदान घ्या, असं ते सांगतं, आणि ते आजही घटनेत आहे. हे कलम रद्द व्हायला हवं, कारण त्यात प्रश्न इमारतीचा नसून त्यात कोण राहणार याचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या, म्हणजे बे एरियातल्या मराठी मंडळींना ओळखीचं असलेलं प्लेझंटन घ्या. तिथे १९९६ मध्ये मतदारांनी ठरवलं की शहरात एकूण २९,००० पेक्षा जास्त घरं होऊच द्यायची नाहीत. कचेऱ्या मात्र येत राहिल्या. २०१० मध्ये न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली आणि ते बरोबरच केलं. नोकऱ्या आम्हाला, घरांचा भार शेजारच्या गावाला, असं कोणत्याही शहराला म्हणता येऊ नये.

पण किती घरं हवीत आणि ती कुठे, कशी बांधायची, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राज्याने २०२१ ते २०२९ या काळासाठी सॅन डिएगोच्या वाट्याला १,०८,०३६ घरं दिली आहेत. हा आकडा ठरवण्याचा राज्याला अधिकार आहे, मी तो नाकारत नाही. ३० फुटांची मर्यादा किनाऱ्यालगतच्या पट्ट्यापुरती आहे. महामार्गाच्या पूर्वेला ती नाही. मिशन व्हॅली, कर्नी मेसा, मिरा मेसा इथले नवे आराखडे गेल्या काही वर्षांतच मंजूर झाले आणि त्यांत हजारो घरांना जागा केली आहे. यातल्या मिरा मेसात तर आपलीही पुष्कळ कुटुंबं राहतात.

मी मूळचा पुण्याचा. तिथे जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर लोकांनी हजारो हरकती-सूचना दिल्या, वॉर्डावॉर्डांत नकाशे लावून अभ्यास केला, टेकड्यांवरच्या आणि मैदानांवरच्या आरक्षणांसाठी भांडले. २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा महापालिकेकडून काढून स्वतःकडे घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. १९६६ च्या नगररचना कायद्यात अंतिम मंजुरीच मुळी राज्याची. आपल्याकडे नागरिकाला हरकत घेता येते, मत देता येत नाही. इथे आल्यावर कळलं की शेजारच्या प्लॉटवर किती उंच इमारत व्हावी हे ठरवायला माझंही एक मत आहे. ते इतक्या सहज हातातून जाऊ देणार नाही.

मग राज्याने करावं काय? माझ्या मते, एखाद्या शहराचा वाटा पुरा होत नसेल आणि मतदारांनी घातलेली मर्यादा खरोखर आड येत असेल, तर राज्याने त्या शहराला पुढच्याच निवडणुकीत तो प्रश्न मतपत्रिकेवर ठेवायला भाग पाडावं. सोबत किती घरं, त्यांपैकी परवडणारी किती, पाणी-रस्त्यांची सोय कशी, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. लोक नाही म्हणाले तर शहराने तेवढीच घरं दुसरीकडे कुठे होतील ते ठरावीक मुदतीत दाखवावं, आणि दाखवलं नाही तर राज्याने खुशाल दंड करावा. घरांचा आकडा तसाच राहील, फक्त जागा निवडताना लोकांना विचारलेलं असेल.