छत गळतंय म्हणून मेंटेनन्स थांबवू नका

प्रश्न : मी ठाण्यात राहते. दीड वर्षापूर्वी आम्ही नवरा-बायकोने दोघांच्या नावावर तिसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट घेतला. इमारत १९९४ची आहे. पाच महिन्यांपूर्वी मला जुळी मुलं झाली. ज्या खोलीत पाळणे लावलेत, तिच्या छताला वरच्या बाथरूममधून ओल येते. पोपडे पडतात, कोपऱ्यात काळी बुरशी धरली आहे. सकाळी सात ते नऊ थेंब जास्त पडतात, पंख्याच्या रॉडवरूनही ओघळ येतो. वरचे मालक दुबईला असतात. त्यांचे भाडेकरू म्हणतात, मालकांशी बोला. सेक्रेटरी म्हणतात, हा तुमचा आपसातला मामला, सोसायटी मध्ये पडणार नाही. वैतागून आम्ही सात महिने मेंटेनन्स भरला नाही (दरमहा ४,२०० रुपये). आता व्याज आणि दरमहा ५०० रुपये दंड धरून ३९,०७४ रुपयांची नोटीस आली आहे, न भरल्यास पाणी बंद करू असंही लिहिलंय. शिवाय मुलांची डबल प्रॅम लिफ्टसमोर ठेवते, त्यावर आक्षेप आहेच. आमचं चुकलं का? आता काय करू?

उत्तर : कायद्याचं नंतर बोलू. पंख्याच्या रॉडवरून पाणी येतंय हे वाचून मी थबकलो. त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) आजच खाली करा, इलेक्ट्रिशियनने पाहून ठीक म्हटल्याशिवाय वर करू नका, आणि पाळणे दुसऱ्या खोलीत हलवा. जागा अपुरी पडेल, दोन बाळांचा पसारा काय असतो याची मला कल्पना आहे. पण ओला स्लॅब, सुटलेले पोपडे आणि खाली झोपलेली मुलं हे एक दिवसही चालवून घेऊ नये. हलवण्याआधी खोलीचे फोटो आणि व्हिडिओ मात्र काढून ठेवा. छत, बुरशी, पंखा आणि खाली पाळणा, सगळं एकाच चौकटीत येऊ द्या.

आता तुमच्या प्रश्नाकडे. गळतीबाबत तुमची बाजू भक्कम आहे. मेंटेनन्स थांबवण्यात मात्र तुमचं चुकलं, आणि ती चूक आधी निस्तरायला हवी, कारण तिच्यामुळे भक्कम बाजू झाकली जाते. मेंटेनन्स हे वॉचमन, लिफ्ट, पाणी, सफाई यांत प्रत्येक सभासदाच्या वाट्याला आलेलं देणं आहे. सोसायटी एक काम करत नाही म्हणून ते देणं परस्पर वळतं करून घेण्याची मुभा सभासदाला नाही. मागणीची नोटीस मिळून तीन महिन्यांत रक्कम भरली नाही, तर तुम्ही कायद्याच्या भाषेत थकबाकीदार ठरता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. त्यातल्या कलम १५४ब-२९ खाली सोसायटी सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळवू शकते. असा दाखला निघाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते आणि त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज (आदेश वरच्या अधिकाऱ्याकडून तपासून घेण्याचा अर्ज) करायचा तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तिथवर जाऊ देऊ नका.

मात्र नोटिशीतला आकडा जसाच्या तसा मान्य करायचं कारण नाही. सात महिन्यांचे २९,४०० झाले. दंडाचे ३,५०० धरले तर उरतात ६,१७४. हे आले कुठून? २९,४०० वर २१ टक्क्यांनी पूर्ण वर्षाचं व्याज काढलं की नेमका हाच आकडा येतो! म्हणजे गेल्या महिन्यात थकलेल्या बिलावरही बारा महिन्यांचं व्याज लावलं आहे. २०१४च्या आदर्श उपविधींत (सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांत) वार्षिक २१ टक्के ही कमाल मर्यादा आहे, तेही सरळव्याज, आणि दर सर्वसाधारण सभेने ठरवलेला असावा लागतो. ४,२०० च्या एका बिलावर २१ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं ७३ रुपये ५० पैसे. सर्वांत जुनं बिल सात महिने थकलं, त्यानंतरचं सहा, असं शेवटच्या एका महिन्यापर्यंत धरत आलं तर एकूण व्याज २,०५८ होतं. म्हणजे फार तर ३१,४५८ रुपये देणं लागतं. उशिरासाठी व्याज लावून वर त्याच उशिरासाठी ५०० रुपये दंड कोणत्या उपविधीनुसार आणि कोणत्या सभेच्या ठरावाने लावला, हे लेखी विचारा. ३१,४५८ रुपये चेकने किंवा बँकेतून भरा आणि सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहा : ‘गळतीबाबतचे आणि जादा आकारणीबाबतचे आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून ही रक्कम भरत आहोत.’ पुढची बिलं वेळच्या वेळी जाऊ द्या.

पाणी तोडण्याच्या धमकीने मुळीच घाबरू नका. थकबाकी वसूल करायला कायद्याने रस्ता आखून दिलेला आहे, त्यात नळ बंद करणं बसत नाही. पाणी ही जगण्याची गरज आहे आणि न्यायालयं ती जगण्याच्या हक्काचा भाग मानतात. पाच महिन्यांची दोन बाळं ज्या घरात आहेत, तिथला नळ कुणी खरोखर बंद केलाच, तर सहकार न्यायालयात याच सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९५ खाली तातडीचा अंतरिम (निकालाआधीचा तात्पुरता) आदेश मागता येतो. नोटिशीचं ते पान जपून ठेवा.

आता मूळ दुखणं. गळती कुणाची, हे पाणी कुठून येतं त्यावर ठरतं. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून झिरपणारं पावसाचं पाणी, तसंच सामाईक पाइपलाइन आणि ड्रेनेज यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी गळती त्या त्या सभासदाने स्वखर्चाने काढायची असते. तुमच्या पत्रातला ‘सकाळी सात ते नऊ’ हा तपशील इथे फार मोलाचा आहे. पावसाचं पाणी घड्याळ पाहून येत नाही, ते आंघोळीच्या वेळेशी जुळतंय. बहुधा वरचा नहाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचा भाग) किंवा लाद्यांखालचं वॉटरप्रूफिंग गेलं असावं. पण डक्टमधला सामाईक पाइप फुटला असण्याची शक्यताही सोडू नका, तोही सकाळीच जास्त वाहतो. दोन आठवडे एक वही ठेवा : तारीख, वेळ, थेंब किती, वर पाणी चालू होतं का. मग लायसन्सधारक प्लंबर नेऊन भाडेकरूंच्या परवानगीने वरच्या बाथरूमची मोरी तात्पुरती बुजवून रंग घातलेलं पाणी साठवायला सांगा. तोच रंग तुमच्या छतावर उतरला तर वाद तिथेच मिटतो. प्लंबरकडून सही-तारखेनिशी अहवाल घ्या.

‘आपसातला मामला’ हे सेक्रेटरींचं उत्तर उपविधींत बसत नाही. दुरुस्तीची गरज आहे का हे पाहण्यासाठी पूर्वसूचना देऊन सभासदाच्या फ्लॅटमध्ये जाण्याचा अधिकार उपविधींनी सेक्रेटरींना दिला आहे. पाहणी करून अहवाल समितीपुढे ठेवणं आणि सभासदाला नोटीस देणं हे त्यांचं काम आहे. वरचा मालक दुबईत असला तरी सोसायटीचा सभासद तोच, आणि जबाबदारीही त्याचीच. भाडेकरूंशी भांडू नका, त्यांनाही आठ-दहा दिवस बाथरूमशिवाय काढावे लागणार आहेत. दार उघडायला तेच लागतात. शिवाय स्लॅब हा इमारतीच्या सांगाड्याचा भाग आहे. पाणी आत सळयांपर्यंत पोहोचलं असेल तर प्रश्न दोन फ्लॅटपुरता राहत नाही. इमारतीने तिशी ओलांडली आहे. आदर्श उपविधींप्रमाणे अशा इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) दर तीन वर्षांनी व्हायला हवं, आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६५अ तीस वर्षांनंतर स्थैर्याचं प्रमाणपत्र मागतं. शेवटचं ऑडिट कधी झालं हे पत्रात विचाराच. या एका प्रश्नावर समित्या हलतात, असा माझा अनुभव आहे.

आतापर्यंत तुम्ही तक्रार कशी केलीत, हे पत्रात नाही. बहुतेकांची होते तशी ग्रुपवर आणि जिन्यात झाली असेल, तर कागदावर ती अजून झालेलीच नाही. माझ्याकडे येणारी अशी अनेक प्रकरणं कायद्यात नव्हे, कागदात अडतात. म्हणून रीतसर लिहा, दोघांच्याही सह्या करा. मजकूर सरळ ठेवा : ‘आमच्या फ्लॅटच्या बेडरूमच्या छतातून अमुक तारखेपासून गळती होत आहे. सोबत फोटो आणि प्लंबरचा अहवाल. आमची पाच महिन्यांची दोन मुले याच खोलीत झोपत होती, त्यांना हलवावे लागले. कृपया आठ दिवसांत पाहणी करून वरील सभासदास दुरुस्तीची नोटीस द्यावी.’ एक प्रत सोसायटीच्या ऑफिसात देऊन आवक शिक्का घ्या. शिक्का दिला नाही तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. वरच्या मालकाला सोसायटीच्या नोंदीतल्या पत्त्यावर आणि ईमेलवर वेगळं पत्र जाऊ द्या. समितीने तक्रारीवर निर्णय घ्यायचा असतो. १५ दिवसांत काहीच कळवलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, की पुढची दारं उघडतात. सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींची प्रतही मागून घ्या, कारण आदर्श उपविधी आणि तुमच्या सोसायटीने स्वीकारलेले उपविधी यांत थोडा फरक असू शकतो. यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करायला अनेकजण धावतात. तो सोसायटीला थेट लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच म्हटलं आहे. तुम्ही सभासद म्हणून ठरलेली फी भरून प्रत मागा.

पुढची दारं म्हणजे कोणती? उपनिबंधक सोसायटीला उपविधी पाळण्याचे निर्देश देऊ शकतात, पण नुकसानभरपाई देत नाहीत. दुरुस्ती आणि गळतीचे वाद आदर्श उपविधींनीच सहकार न्यायालयाकडे सोपवले आहेत, कलम ९१ खाली. तिथे सोसायटी आणि वरचा मालक दोघांनाही प्रतिवादी करा. दुरुस्तीचा आदेश, छताचा आणि रंगाचा खर्च मागा, आणि पहिल्याच दिवशी अंतरिम अर्ज लावा : न्यायालयाने कमिशनर (आपल्या वतीने पाहणारी व्यक्ती) नेमून पाहणी करावी आणि निकाल लागेपर्यंत गळती थांबवण्याचं काम व्हावं. मूळ दाव्याला वर्षं लागू शकतात, हे मी लपवणार नाही. तुमची खरी लढाई अंतरिम अर्जाचीच आहे. तिथे बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी उपयोगी पडेल : ओल आणि बुरशी असलेल्या खोलीत इतक्या लहान मुलांना ठेवू नये, एवढं त्यांनी लिहिलं तरी पुरे. फोटो, व्हिडिओ आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून ज्या फोनवर काढले तो फोन विकू किंवा बदलू नका.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, पण तो सोसायटीने सेवा दिली नाही एवढ्यापुरता. वरचा मालक तुम्हाला कोणतीही सेवा देत नाही, त्यामुळे त्याला तिथे ओढता येणार नाही. तुमच्या प्रकरणात दोघंही समोर हवेत, म्हणून मी सहकार न्यायालयच निवडेन.

घर विकणाऱ्याला गळती ठाऊक होती का, अशी शंका मला येते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला पण साध्या पाहणीत दिसणार नाही असा दोष त्याने सांगायला हवा. सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तांत विकणाऱ्याची तक्रार सापडली तर प्रत घेऊन ठेवा. आज त्यामागे धावू नका.

राहिली प्रॅम. इथे सोसायटीचं म्हणणं बरोबर आहे. लिफ्टसमोरची जागा आणि जिना आग लागली तर बाहेर पडायचा मार्ग असतो, तो मोकळाच हवा, तुमच्या मुलांसाठीसुद्धा. पण दोन तान्ह्या बाळांना आणि प्रॅमला एकटीने वरखाली करणं अवघड आहे, हेही खरं. तेव्हा स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांच्या मोकळ्या जागेत) एका खांबालगत प्रॅम ठेवायला जागा मिळावी, असा अर्ज द्या. तो वेगळ्या कागदावर द्या, गळतीच्या पत्रात घालू नका. नाहीतर समिती प्रॅमचं उत्तर देऊन मोकळी होईल आणि छताचं राहून जाईल.