गोऱ्या लोकांशी वर्णद्वेषाबद्दल बोलताना नेमकं काय अडतं?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेत गोऱ्या लोकांपुढे वर्णद्वेषाचा विषय काढला की ते लगेच स्वतःचा बचाव का करायला लागतात? त्यांना खरंच कळत नाही, की कळूनही मान्य करायचं नसतं? आणि आपण भारतीयांनी त्यात पडावं का?

मी बरीच वर्षं मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला राहतोय. २५ मे २०२० रोजी गोऱ्या पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरल्याने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला, तो चौक आमच्याच शहरातला. त्यानंतर ऑफिसात, ग्रंथालयात, चर्चच्या तळघरात या विषयावर खूप बैठका झाल्या आणि गोरी माणसं काय बोलतात ते मला जवळून ऐकायला मिळालं. म्हणून मी मिनेसोटातल्या शिकल्यासवरल्या, सज्जन गोऱ्यांबद्दलच लिहितो. दक्षिणेतल्या राज्यांचं वेगळं असेल.

वर्णद्वेष म्हणजे एखाद्याच्या मनातला दुष्टावा, अशी यांची पक्की समजूत आहे. शिवी देणारा, मारहाण करणारा माणूस वर्णद्वेष्टा. आपण तसे नाही, मग विषय संपला. त्यामुळे कृष्णवर्णीय माणूस घराबद्दल, शाळेबद्दल, पोलिसांबद्दल सांगत असतो आणि यांना ऐकू येतं, ‘तू वाईट आहेस.’ मग ते आपल्या चांगुलपणाचे दाखले द्यायला लागतात. पणजोबा नॉर्वेहून रिकाम्या हातांनी आले. आमच्या घराण्यात कुणी कधी गुलाम ठेवले नाहीत. गुलामगिरीवरून पेटलेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात मिनेसोटाची पोरं गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेविरुद्ध उत्तरेच्या बाजूने लढली, गेटिसबर्गच्या लढाईत मेली. यातलं काहीच खोटं नाही, आणि अडचण तिथेच आहे. खरं बोलणाऱ्या माणसाला आपण काही टाळतोय असं वाटतच नाही.

आता याच शहरातल्या घरांची गोष्ट सांगतो. मिनियापोलिसमध्ये १९१० पासून खरेदीखतांत अटी यायला लागल्या: ही जागा चिनी, जपानी, निग्रो, मंगोलियन अशा वंशाच्या माणसाला विकायची नाही, भाड्यानेही द्यायची नाही. १९३१ साली आर्थर ली या पोस्टातल्या कर्मचाऱ्याने कोलंबस अ‍ॅव्हेन्यूवर घर घेतलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात लढून आलेला हा माणूस. ज्याला गोऱ्यांनी आपली वस्ती ठरवलं होतं, तिथे कृष्णवर्णीय कुटुंब आलं म्हणून घरासमोर हजारोंचा जमाव जमला, घरावर दगड आणि कचरा फेकला गेला. लीना ऑलिव्ह स्मिथ या कृष्णवर्णीय वकीलबाईंनी त्यांची बाजू लढवली. ली कुटुंब तेव्हा हटलं नाही, पण दोनेक वर्षांनी त्यांनी ते घर सोडलं. फ्लॉइड गेला तो चौक तिथून जेमतेम मैलभर.

पुढे १९३४ पासून केंद्र सरकारच्या हमीवर घरकर्जं मिळायला लागली, तीही मुख्यतः गोऱ्या वस्त्यांना. घर विकताना वंश पाहण्यावर देशभर बंदी घालणारा कायदा १९६८ साली आला. मधल्या तीसेक वर्षांत गोऱ्या कारकुनाने, गवंड्याने घर घेतलं, घराची किंमत वाढली, त्यावर मुलांचं कॉलेज झालं. आज मिनेसोटात चारांतल्या तीन गोऱ्या कुटुंबांचं स्वतःचं घर आहे. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण चारांत एकाच्या थोडंसंच वर आहे. यात आजच्या कुणाही गोऱ्याच्या मनात द्वेष असण्याची गरज नाही.

माझे एक ज्येष्ठ सहकारी बैठकांमध्ये गप्प बसत किंवा पणजोबांबद्दल सांगत. मिनेसोटा विद्यापीठाच्या एका प्रकल्पात स्वयंसेवक ही जुनी खरेदीखतं वाचून अशा अटी शोधतात आणि नकाशावर मांडतात. हे गृहस्थ त्यात सामील झाले. एका संध्याकाळी त्यांना वडिलांच्या जुन्या घराची गल्ली त्या नकाशावर सापडली. मग ते स्वतःहून हिशेब करायला लागले की ते घर विकून आलेल्या पैशांतून आपली कुठली फी भरली गेली. कुणी त्यांना वाईट म्हटलं नव्हतं, त्यामुळे बचाव करण्याची वेळच आली नाही. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

पण कळलं म्हणजे काम झालं असंही नाही. २०१८ मध्ये शहराने एका प्लॉटवर एकच घर हा नियम सैल करायचं ठरवलं. जुन्या भेदभावाचे परिणाम कमी करणं हाही त्यामागचा एक उघड हेतू होता. तेव्हा ‘आमच्या वस्त्यांवर बुलडोझर नको’ अशा लाल पाट्या सुबक अंगणांत उभ्या राहिल्या. विरोधाला पार्किंगची, झाडांची कारणंही होती, ती मी खोटी ठरवत नाही. पण सहानुभूतीला किंमत पडायला लागते तिथे आवाज बदलतो, हे मी पाहिलंय. प्यू या संस्थेच्या पाहणीत जून २०२० मध्ये ६० टक्के गोऱ्यांचा ‘ब्लॅक लाइव्हज मॅटर’ या कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाविरुद्धच्या चळवळीला पाठिंबा होता, सप्टेंबरमध्ये तो ४५ टक्क्यांवर आला. आज मार्टिन ल्यूथर किंगचं नाव सगळेच आदराने घेतात, पण १९६६ च्या गॅलप पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचं त्याच्याबद्दलचं मत प्रतिकूल होतं.

आता आपल्याबद्दल. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून नाव घेऊन. म्हणजे हे धागे महाराष्ट्राने कधीच जोडलेत. तरी इथल्या मराठी घरांत जेवताना खरेदीखतांचा विषय निघाला की सगळे संतापतात, आणि आरक्षणाचा निघाला की तीच वाक्यं मराठीत ऐकू येतात: आमच्या घरी कुणी जात मानत नाही, वडील स्वतःच्या कष्टाने वर आले. आपल्याकडे एका समाजापुरत्या गृहनिर्माण सोसायट्या शंभर वर्षांहून जुन्या आहेत. सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवण्याचा अशा सोसायटीचा नियम २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. हे माहीत असलेला माणूस गोऱ्यांशी जास्त प्रामाणिकपणे बोलू शकेल, असं मला मनापासून वाटतं.

भारतीयांनी यात पडावं का? आपण आधीच त्यात आहोत. १९६५ चा इमिग्रेशन कायदा नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेत आला आणि त्याच दारातून आपली माणसं इथे आली. तुम्ही इथे याल तेव्हा नव्या मित्राला तो काय मानतो हे विचारू नका. त्याचं घर कधी बांधलंय, आजोबांनी ते कुणाकडून आणि कोणत्या कर्जावर घेतलं, हे विचारा. बहुतेक जण हौसेने सांगतात. घर मिनियापोलिसमधलं असेल तर त्याच्याबरोबर बसून विद्यापीठाचा तो नकाशा उघडा. तो सगळ्यांना मोफत पाहता येतो.