अर्धवट वाचलेली तीस-चाळीस पुस्तकं घरात साठली आहेत. नवीन घेण्याआधी सगळी संपवावीत का?

नाही, सगळी संपवायच्या मागे लागू नका. आधी निवड करा आणि मग एका वेळी एकच हाती घ्या. ग्रंथालयात बरीच वर्षं देवघेव सांभाळते आहे, त्यावरून सांगते. खूण म्हणून घातलेलं एसटीचं तिकीट जिथे सापडेल तिथून दोन पानं मागे जाऊन वाचा. कोण कोणाचं कोण हे आठवलं आणि पुढचं पान उलटावंसं वाटलं, तर ते पुस्तक उशाशी ठेवा. नाही वाटलं तर खुशाल कुणाला तरी देऊन टाका. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे चौथं आहे. त्याच्या आधीचं ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ हे मला जास्त मोलाचं वाटतं, कारण तुमच्याकडे धूळ खात पडलेलं पुस्तक दुसरं कुणीतरी शोधत असतं. मात्र कथासंग्रह, कवितासंग्रह आणि दिवाळी अंक या निवडीत धरू नका. ते मध्येच ठेवले म्हणून अर्धवट राहत नाहीत. आणि मोठ्या कादंबरीत वर्षभराचा खंड पडला असेल, तर सरळ पहिल्या पानापासून सुरू करा.