‘गंजरोधक’ की ‘खवटरोधक’?

माटुंग्याच्या एका वाचकांनी आरोग्यविषयक भित्तिपत्रकासाठी ‘वनस्पतिजन्य गंजरोधके : धातुजन्य मेंदूविकारांवरील संरक्षण’ असे शीर्षक योजले असून ते बिनचूक आहे का, असे विचारले आहे. ‘धातू’ आणि ‘वनस्पती’ हे एरवी दीर्घान्त असणारे शब्द त्यांनी समासात ऱ्हस्वान्त ठेवले, हे योग्यच झाले. अडचण अर्थाची आहे : त्यांना म्हणायचे आहे ‘अँटिऑक्सिडंट’, आणि ‘गंजरोधक’ या शब्दातून ते पोहोचत नाही.

मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यात खिडकीच्या गजांना गंज चढतो तेव्हा झीज सोसते ते लोखंड, आणि रोधक लेप वाचवतो तोही लोखंडालाच. मेंदूत याच्या नेमके उलट घडते. तेथे मोकळे लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग पावून अतिशय क्रियाशील असा हायड्रॉक्सिल मूलक (‘फ्री रॅडिकल’) निर्माण करते (फेंटन यांनी १८९४ मध्ये वर्णिलेली अभिक्रिया ती हीच), आणि हा मूलक चेतापेशींच्या पटलातील मेदाम्लांवर तुटून पडतो. म्हणजे वाचवायचे असते ते धातूपासून, धातूला नव्हे. घरगुती उपमाच हवी असेल, तर दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी उरलेल्या चिवड्याची घ्यावी, कारण तेलाचे खवट होणे आणि पेशीतील मेदाची ही हानी या मुळात एकाच जातीच्या क्रिया आहेत. शीर्षकात मात्र ‘खवटरोधक’ शोभणार नाही; तेथे अँटिऑक्सिडंटसाठी ‘प्रतिऑक्सिडीकारक’ हा बोजड शब्दच बरा.

‘धातुजन्य’ म्हटले की आयुर्वेद जाणणाऱ्या वाचकाला रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र हे सप्तधातू आठवतील. ‘जड धातू’ म्हणावे, तर पाण्याच्या जेमतेम पावणेतीनपट घनतेचे ॲल्युमिनियम त्यात बसत नाही. तेव्हा धातूंची नावेच घ्यावीत.

क्वेर्सेटिन किंवा हळदीतील कुरकुमिन ही वनस्पतिजन्य द्रव्ये मूलकांना शमवतात, शिवाय धातूचा आयन पकडूनही ठेवतात. या पकडीला १९२० मध्ये इंग्रजीत ‘कीलेट’ (chelate) हे जे नाव मिळाले, ते खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. मराठीत ‘धातूला नांगीत धरणे’ म्हटले, तर चिंबोरी हाताळलेल्या मुंबईकराला निराळे स्पष्टीकरण लागू नये.

राहिला प्रत्यय. उपाय विकारा‘वर’ असतो, संरक्षण विकारा‘पासून’ असते. त्यातही पुरावा बहुतांशी उंदरांवरील आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरील प्रयोगांचा असल्याने ‘संभाव्य’ हे विशेषण गाळू नये. माझी सूचना अशी : ‘शिसे, ॲल्युमिनियम यांसारख्या धातूंपासून मेंदूचे संरक्षण : वनस्पतींतील प्रतिऑक्सिडीकारकांचा संभाव्य वाटा’. शीर्षक लांबले खरे, पण भित्तिपत्रकावर दोन ओळींत मावेल.